थांबलेला हात

दिवाळीच्या सुमारास नेवासे तालुक्यातल्या काळ्या रानातून एखादी चक्कर मारावी. बाजरीची सोंगणी उरकलेली असते, आणि रब्बीची ज्वारी नुकती हातभर वर आलेली असते. आणखी दोन महिन्यांनी तिच्या कणसांत दाणा भरेल, गावोगाव हुरड्याची आमंत्रणे जातील. आणि त्याच वेळी आमंत्रण नसलेले पाहुणेही येतील. चिमण्या येतील, पोपट येतील, साळुंक्या येतील. या पाहुण्यांना हात जोडून चालत नाही. त्यांच्यासाठी आमच्या शेतकऱ्याने फार पुरातन काळापासून एक साधन जवळ बाळगले आहे. त्याला ना धार, ना टोक. गुंडाळले तर मुठीत मावेल, उलगडले तर वावभर दोरी. ते साधन म्हणजे गोफण.

वाचकहो, गोफणीवर कोणी दिवाळी अंकात लिहावे काय, असे आपल्या मनात येईल. परंतु या दोरीच्या तुकड्यात इतिहासाचा एक मोठा अवघड प्रश्न दडलेला आहे. तो मला प्रथम कोणत्याही ग्रंथात भेटला नाही. माझ्या मामांच्या शेतात, माळ्यावर भेटला.

माळा म्हणजे चार मेढी रोवून, वर फळ्या आणि पेंढा टाकून केलेली राखणदाराची उंच बैठक. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ज्वारी निसवली होती. मामा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवीत. एक, दोन, तीन फेरे, आणि मग कडाड् असा आवाज. शेताच्या पार त्या कडेला थव्याच्या थवा भर्रकन उठे. मला वाटले, यात अवघड ते काय? जोराने फिरवायचे आणि सोडायचे. मामा भाकरी खायला खाली उतरले, तशी मी गोफण उचलली. प्रवरेतून वेचून आणलेला गोटा खोळीत ठेवला, होती नव्हती ती सारी शक्ती लावून फिरवली आणि सोडली. हात मात्र फिरतच राहिला. गोटा पुढे न जाता मागे गेला. माझी धाकटी मामेबहीण माळ्याच्या बुडाशी पाणी प्यायला वाकली होती. तिच्या कानाजवळून तो गेला आणि पाण्याचे मडके फुटले.

मामांनी मला मारले नाही. मडक्याच्या खापऱ्या गोळा केल्या, पोरीला जवळ घेतले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "आरं, हात फिरवायला कुनालाबी येतं. थांबवायला शिकायचं आसतं. हात थांबला का गुंडा आपसूक सुटतो."

त्या वेळी मला या बोलण्याचा अर्थ कळला नाही. आज कळतो असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम गोफण कशी चालते ते पाहू. मध्ये विणलेली चापट खोळ, तिच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या. पूर्वी त्या अंबाडीच्या वाखाच्या किंवा सुताच्या वळीत. एका दोरीच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकवतात. दुसऱ्या दोरीचे टोक मोकळे असते, ते चिमटीत धरतात. फिरवून चिमूट सोडली की खोळ उघडते आणि गुंडा निघून जातो. गोफण बोटातच राहते. सुटलेल्या टोकाचा हवेत जो फटकारा बसतो, त्याचाच तो कडाड् आवाज. पुष्कळदा पाखरे गोट्याने उठत नाहीत, या आवाजानेच उठतात. आसुडाच्या कडाक्याचा हा धाकटा भाऊ समजावा.

गुंडा कोणत्या दिशेने जातो? बहुतेकांना वाटते, तो वर्तुळाच्या मध्यापासून सरळ बाहेर फेकला जातो. तसे नाही. सुटण्याच्या क्षणी तो ज्या दिशेने धावत असतो, त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेत तो जातो. म्हणून समोरचे झाड टिपायचे, तर गुंडा समोर आल्यावर सोडून उपयोग नाही. तो बाजूला असतानाच सोडावा लागतो. आता थोडे गणित करू. हातापासून गुंड्याचे अंतर १ मीटर धरा आणि वेग सेकंदाला ३० मीटर. सेकंदाच्या शंभराव्या भागात गुंडा त्या वर्तुळावर ३० सेंटिमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात त्याची दिशा सुमारे १७ अंशांनी बदलते. म्हणजे डोळ्याचे पाते लवायला लागतो त्याहून पुष्कळ कमी वेळ चुकला, की ५० मीटरवरच्या झाडाऐवजी गुंडा १५ मीटर बाजूला जाऊन पडतो. माझी चूक तर याच्या कितीतरी पट मोठी होती. मडके फुटले आणि पोर वाचली, हे माझे नशीब.

पण एवढी अचूक वेळ माणूस साधतो कशी? याचे उत्तर मामांच्या वाक्यात आहे. तो वेळ मोजत नाही. तो हात थांबवतो. भरधाव गाडीचे बैल एकाएकी थांबले, तर गाडीत बसलेली माणसे पुढे कोलमडतात. गोफणीत असेच घडते. पायापासून निघालेला जोर कमरेत येतो, कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात. दर वेळी आधीचा जड भाग मंदावतो आणि पुढचा हलका भाग वेग घेतो. शेवटी मनगट अडते आणि सगळा वेग दोरीच्या टोकाशी असलेल्या गुंड्याकडे जातो. थांबण्याचे सारे श्रेय मनगटाला देऊ नये. पुढे धावणारी दोरीही हाताला मागे ओढून धरते. हा मागे ओढला जाण्याचा झटका कसलेल्या बोटाला बरोबर कळतो, आणि त्याच झटक्याला चिमूट सुटते. जो हात थांबतच नाही, त्याला तो झटकाही कळत नाही.

आता नेवाशाकडे वळू. नेवासे म्हटले की प्रवरेचा काठ, मोहिनीराज आणि शके १२१२ मध्ये जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैसाचा खांब, हे महाराष्ट्राच्या मनात प्रथम येते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच नदीकाठी लाडमोड नावाची एक टेकडी आहे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी शां. भा. देव व झै. दा. अन्सारी यांनी तेथे उत्खनन केले. त्याचा मोठा वृत्तांत १९६० साली प्रसिद्ध झाला. इतिहासाकडून प्रागितिहासाकडे, असे त्याच्या नावातच म्हटले होते. कारण वरून खाली खणत जाताना माणूस काळात मागे मागे जातो. मराठे व मुसलमान राजवटीचा थर, त्याखाली रोमशी व्यापार चालत असे तेव्हाचा थर, त्याखाली आरंभीचा ऐतिहासिक काळ, त्याच्याही खाली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती; आणि नदीच्या जुन्या गाळात व खडीत अश्मयुगाची हत्यारे. एकाच गावच्या शिवारात माणसाची एवढी लांबलचक वहिवाट सापडावी, ही साधी गोष्ट नव्हे.

त्या ताम्रपाषाणयुगीन लोकांची मडकी तांबड्या अंगाची, काळ्या नक्षीची. प्रवरेच्याच काठच्या जोर्वे गावावरून त्यांच्या संस्कृतीला नाव मिळाले. हे लोक शेती करीत, गुरे पाळीत, तांबे जपून वापरीत आणि लहान मूल गेले तर त्याला मडक्यात घालून घराच्या जमिनीतच पुरीत. नेवाशात अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजाने तिच्यातला दोरा टिकवून धरला होता. तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा ठरला. एरवी दोरा कोठला टिकायला! माती तो वर्ष-दोन वर्षांत खाऊन टाकते. त्या आईने घातलेल्या माळेमुळे आपल्याला कळले, की या नदीकाठी त्या काळी सूत कातणारे कुशल हात होते.

जोर्वे संस्कृतीच्या वस्त्यांत हाताने गुळगुळीत केलेले दगडी गोळेही मिळाले आहेत. संशोधक त्यांना गोफणगुंडे म्हणतात. आता पाहा गंमत. गुंडा सापडला, गोफण नाही. दोरी कुजली. आणि दोरी जरी सापडली असती, तरी काय कळले असते? ती फिरवण्याचा आणि थांबवण्याचा जो हुन्नर, तो ना मातीत उरतो, ना मडक्यात. इतिहासाचा अवघड प्रश्न मी म्हणालो तो हाच. वस्तू मागे राहते. वस्तूला अर्थ देणारी हाताची चाल मात्र हाताबरोबर जाते. मडके पाहून कुंभाराच्या बोटांचे वळ दिसतात. पण गोटा पाहून, तो टाकणारा हात नेमका कोठे थांबला, हे कोणाला सांगता येणार?

म्हणून येथे पुस्तकांची थोडी मदत घ्यावी लागते. गोफण हा शब्द लहान नाही, मोठ्या घराण्यातला आहे. सुश्रुतसंहितेत जखमा बांधण्याचे जे १४ बंध सांगितले आहेत, त्यांतल्या एकाचे नाव गोफणा. हनुवटी, नाक, ओठ अशा ठिकाणी तो बांधावा असे सांगितले आहे. मधे रुंद पट्टी आणि बाजूंना शेव, म्हणजे आकार हुबेहूब गोफणीचा. वैद्याला शिष्याला समजावताना ही उपमा सुचली, याचा अर्थ गोफण तेव्हा इतकी घरोघरची होती, की नाव घेताच आकार डोळ्यांपुढे यावा. जिने कपाळमोक्ष करायचा तिच्याच नावाची पट्टी फुटलेल्या हनुवटीला बांधायची, हा योगही मोठा मौजेचा.

परमुलखांतही गोफणीचा दरारा मोठा होता. भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांचे गोफणकरी रोमच्या सैन्यात नावाजलेले. तेथील आया मुलांची भाकरी उंच खांबावर ठेवीत आणि गोफणीने पाडल्याखेरीज ती त्यांना खाऊ देत नसत, असे जुन्या ग्रंथकारांनी लिहून ठेवले आहे. इसवी सनापूर्वी ४१-४० या वर्षांत इटलीतील पेरुसिया शहराला वेढा पडला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी शिशाच्या गोफणगुंड्यांवर एकमेकांना शिव्या कोरून पाठवल्या. त्या आजही वाचता येतात. शिवी टिकली, हात टिकला नाही. आमच्या लाडमोड टेकडीतही रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. त्या कुंभांबरोबर आलेल्या एखाद्या खलाशाने प्रवरेकाठच्या राखणदाराची गोफण पाहिली असती, तर त्याला ती परकी वाटली नसती.

आता याच थांबलेल्या हाताचे दुसरे, जरा निराळे रूप पाहू. पाश्चात्त्य देशांत मासे धरण्याची एक रीत आहे. गळाला पिसांची आणि धाग्याची खोटी माशी बांधतात आणि लांब काठीने ती पाण्यावर अलगद टाकतात. ही रीत जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक लोकर आणि पिसे बांधून मासे फसवतात, असे ईलियन नावाच्या लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास नोंदवले आहे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यात राजांच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे, आणि कोणत्या माशाला कोणते आमिष रुचते याचा तपशील आहे. पुढे इंग्रज अंमलदार आले. मद्रास इलाख्यातील हेन्री सलिव्हन टॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर जाडजूड पुस्तकच लिहिले.

या रीतीत पेच असा, की खोट्या माशीला वजनच नसते. आमच्या गळाला शिसे बांधून तो भिरकावता येतो. पीस कसे भिरकावणार? म्हणून येथे वजन दोरीलाच दिलेले असते, आणि फेकायची ती दोरीच. काठी हळू सुरू करून वेग वाढवत पुढे आणतात. दोरीच्या ओढीने ती कमानीसारखी वाकते. मग एका जागी ती एकदम थांबवतात. थांबताच काठी सरळ होते, तिचे टोक अडते; पण दोरी अडत नाही. ती टोकाला ओलांडून पुढे धावते आणि हवेत तिचा वेटोळा बनतो. वेटोळ्याची खालची बाजू काठीला बांधलेली म्हणून स्थिर, वरची बाजू धावती. वेटोळा उलगडत जातो, तशी धावणारी दोरी कमी कमी होते आणि जोर उरल्यासुरल्या शेवाकडे जातो. अखेर माशी पाण्यावर धुळीच्या कणासारखी टेकते.

आणि काठी थांबवलीच नाही तर? टोक गोल फिरत खाली येते, वेटोळा हंड्याएवढा रुंद होतो, आणि दोरी पुढच्या पाण्यात ढिगासारखी पडते. मासा पळतो. म्हणून तिकडचे गुरू शिष्याला घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणायला सांगतात: मागे जाताना १ च्या आकड्यापाशी थांब, दोरी मागे ताणली जाईपर्यंत दम धर, पुढे येताना १० च्या आकड्यापाशी थांब. पुष्कळांना वाटते, सारा जोर काठीच्या वाकण्यात साठलेला असतो. पण मोजून पाहणारे सांगतात, की मोठा भाग हाताने फिरवण्याचा. काठीच्या वाकण्याचा भाग त्या मानाने लहान. तिचे वाकणे मुख्यतः टोकाचा मार्ग सरळ ठेवते. थोडक्यात, काठी चांगली असावी हे खरे, पण थांबायचे हातालाच. माझ्या मामांनी कधी अशी काठी पाहिली नव्हती. तरी त्यांचे वाक्य त्या गुरूंच्या तोंडी शोभले असते.

या कथेत हिंदुस्थानचा आणखी एक वाटा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बांबूच्या चिरफळ्या जोडून या काठ्या बनू लागल्या. पेन्सिल्व्हेनियातील सॅम्युअल फिलिप हा बंदुका आणि व्हायोलिने बनवणारा कारागीर या कामी अग्रेसर मानला जातो. हा बांबू कुठला? आपल्याच देशातून जाई. कलकत्ता बंदरावरून त्याला तिकडे नावच कलकत्ता बांबू पडले. पुढे चिनी बांबूने त्याची जागा घेतली. पण आरंभीच्या काळात परक्या नदीवर साहेबाचा हात थांबे, तेव्हा त्या हातात वाकून सरळ होणारी काठी पुष्कळदा आपल्या रानातली असे.

टोके येथे प्रवरा गोदावरीला मिळते. तेथे किंवा अशा कोणत्याही संगमावर पहाटे फेकजाळे टाकणारा भोई पाहावा. कडेला शिशाचे मणी लावलेले जाळे तो कमरेतून वळून सोडतो. हात पुढे जातो आणि अडतो. जाळे मात्र ताटाएवढे, मग सुपाएवढे, मग खळ्याएवढे उमलत पाण्यावर बसते. हात लांबला तर जाळे लांबोडके पडते. पोतराजाचा आसूड घ्या. जाड मुठीकडून बारीक शेवाकडे धावणारी लाट टोकाशी ध्वनीहून वेगाने जाते. तो कडाका म्हणजे हवेला बसलेला धक्का. असे असावे हा तर्क १९०५ साली जर्मन शास्त्रज्ञ ऑटो लुमर याने मांडला, १९२७ मध्ये छायाचित्रांनी त्याला दुजोरा मिळाला, आणि लाट पुढे कशी जाते याचे बारीक गणित २००२ साली गोरिएली व मॅक्मिलन यांनी मांडले. पोतराज मात्र हे सारे मनगटाने केव्हापासून जाणतो.

गोफण, गळ, जाळे, आसूड. चार जातींची चार साधने, आणि विद्या एकच. जोर कितीही असो, तो योग्य जागी आवरला तरच दुसऱ्याच्या हाती, म्हणजे दोरीच्या टोकाच्या हाती, जातो.

ही विद्या टिकणार का? मुळा धरणाचे कालवे आले, तालुक्यात ऊस फोफावला, आणि उसाला राखणदाराचा माळा लागत नाही. ज्वारी उरली आहे तेथेही पुष्कळांनी शेताभोवती चमकत्या फिती ताणल्या आहेत. वाऱ्याने त्या फडफडतात आणि पाखरे बिचकतात. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. दिवसभर उन्हात उभे राहून हाकाऱ्या घालणाऱ्या बायापोरांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण साडेतीन हजार वर्षे ही चाल एका हातातून दुसऱ्या हातात आली, ती कोणत्या ग्रंथातून नव्हे. बापाने पोराचे मनगट धरले आणि योग्य क्षणी दाबले, एवढीच तिची पोथी. मधली एक पिढी जरी चुकली, तरी ही पोथी कायमची मिटते. पुढच्या संशोधकाला आमच्या शिवारात गोटा मिळेल. कदाचित एखाद्या वस्तुसंग्रहालयात गोफणही मिळेल. हात मिळणार नाही.

मामा आता नाहीत. त्यांची गोफण माझ्याकडे आहे. तिचा फास झिजून पांढरा पडला आहे. गेल्या दिवाळीला माझी नात सुटीला आली होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला मोकळ्या रानात नेले. गोट्याऐवजी चिंधीचा चेंडू खोळीत ठेवला आणि माणसे सारी माझ्या पाठीशी, दूर उभी केली; मडके तर मी आणलेच नव्हते. पहिले चार-पाच चेंडू मागे गेले. ती हिरमुसली आणि म्हणाली, "आजोबा, मी तर किती जोरात फिरवते!"

मी तिचे मनगट धरले. तीन फेरे झाले आणि चौथ्याला मी ते हलकेच अडवले. चेंडू समोर गेला, पार बांधाच्या पलीकडे. आणि मोकळ्या टोकाचा कडाड् आवाज झाला. बाभळीवरची दोन-चार पाखरे उठली. तिने आधी चेंडूकडे पाहिले नाही. आपल्या हाताकडे पाहिले. मग मनगट सोडवून घेत म्हणाली, "आता तुम्ही धरू नका, आजोबा."

मी दोन पावले मागे सरलो.